कच्छी वाडगा घ्यावा की बर्मी?

जुन्या चांदीत एकच चांगला नग घ्यायचा आणि तो वाडगाच हवा, असं ठरलं की मुंबईत चार दुकानं पालथी घातल्यावर निवड दोघांवर येऊन थांबते. भुजचा कच्छी, नाहीतर ब्रह्मदेशातला बर्मी. बाजारात दिसणारे बरेचसे नग 1880 ते 1930 च्या आसपासचे आणि साहेबांच्या दिवाणखान्यासाठी घडवलेले. ब्रह्मदेश 1937 पर्यंत हिंदुस्थानचाच प्रांत होता, त्यामुळे रंगूनची चांदी इकडे सापडते यात नवल नाही. काही वर्षं माझ्या घरी दोन्ही वाडगे होते. आता एकच आहे, तेव्हा पुढचं वाचताना मला अगदी तटस्थ समजू नका.

कच्छी कामाला नावं ठेवायला जागा नाही. वेलबुट्टी अशी दाट की मधे सुईसुद्धा टेकवता येऊ नये, आणि पानाआड मधेच एखादा पक्षी नाहीतर हरीण. उठाव उथळ असतो, त्यामुळे मऊ फडक्याने पुसलं की काम झालं. वापरायला हा वाडगा जास्त सोयीचा, हे मी आधीच मान्य करतो. या कामातलं मोठं नाव उमरशी मावजी. त्यांच्या पेढीच्या मालावर तळाशी ‘ओ. एम.’ (Oomersi Mawji) या इंग्रजी अक्षरांचा ठसा असतो.

माझं बिनसलं ते या ठशापायी. माझ्या कच्छी वाडग्यावर तो नव्हता. घरी येणारा प्रत्येक जाणता पाहुणा वाडगा उचलायचा तो थेट उलटा करायचा. बडीशेप सतरंजीवर. तळ रिकामा दिसला की एक ‘हं’ म्हणायचा आणि वाडगा जागेवर ठेवायचा. वेलीतलं हरीण पाहायला कोणी थांबलं नाही. एका सराफाने तर तराजूत ठेवण्याआधीच सांगितलं, ‘‘साहेब, ठसा असता तर गोष्ट वेगळी होती.’’ आता ठसा काय, नव्या मालावरही मारता येतो, म्हणून ठसेवाला घ्यायचा तर शंका वेगळीच. वाडगा देखणा होता, पण त्याच्याकडे बघताना मलाही हळूहळू तळच आठवायला लागला. तुम्हाला याचं काही वाटणार नसेल तर माझा निम्मा युक्तिवाद इथेच संपतो.

बर्मी वाडग्यात ही कटकट जवळजवळ नाही. रंगूनच्या माँग यिन माँगसारखी काही नावं गाजली, पण बहुतेक कारागिरांचं नाव मागे राहिलेलं नाही. तळाशी फार तर एखादा मोर किंवा सिंह कोरलेला असतो. ठशाची अपेक्षाच नसल्यामुळे काम बघूनच भाव करावा लागतो.

आणि काम बघण्यासारखं असतं. आकार भिक्षूच्या भिक्षापात्राचा, तिकडे त्याला थबेक म्हणतात. चांदीचं पात्र भिक्षूला चालत नाही; हे वाडगे गृहस्थाघरचे, समारंभात पाणी, फुलं किंवा दान ठेवायचे. चांदीचा पत्रा ठोकून वाडगा घडवायचा, आकृत्या आतून बाहेर फुगवायच्या, मग आत राळेचं मिश्रण भरून बाहेरून बारीक छिन्न्यांनी चेहरे, वस्त्रं, झाडं काढायची. आतून हात फिरवला तर प्रत्येक माणसाच्या जागी खळगा लागतो. उठाव इतका की काही आकृत्या भिंतीपासून सुटून पुढे आल्यासारख्या दिसतात. 1885 मध्ये थिबा राजाला पदच्युत केल्यावर (त्याची रत्नागिरी आपल्याला ठाऊक आहेच) मंडालेच्या दरबारी कारागिरांचा मोठा गिऱ्हाईक गेला; पुढे साहेब लोक आणि सागवानाच्या कंपन्यांचे अधिकारी आले. चांदीसाठी बऱ्याचदा आपलेच रुपये वितळवले जात, आणि रुपयात जवळपास 92 टक्के चांदी असे. शिक्का नसला म्हणून कस कमी असेल असं धरून चालू नये.

काही वाडग्यांवर रामायण असतं, पण राम-लक्ष्मणांचा पोशाख मंडालेच्या दरबारातला. माझ्या वाडग्यावर वेस्संतर जातक आहे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची एक गोष्ट. सर्वस्व दान करणारा राजपुत्र आणि त्याची मुलं मागायला आलेला जुजक ब्राह्मण. मुलं पाऊलखुणा उलट उमटाव्यात म्हणून मागे मागे चालत तळ्यात उतरतात आणि लपतात. वाडग्यावर पाण्याच्या चार-पाच रेघा, कमळाचं एक पान आणि त्याखाली दोन लहान डोकी, बस. त्यातल्या एका डोक्याला कारागिराने शेंडीसारखा केसांचा बुचडाही दिलाय. पुढच्या कमानीच्या चौकटीत तीच मुलं, हात वेलीने बांधलेले. पाहुणे हा वाडगा उलटा करत नाहीत, गोल फिरवतात. पुढे काय झालं ते विचारतात. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आता तोटे. हा वाडगा साफ करणं म्हणजे शिक्षा आहे. रांगोळी किंवा दंतमंजनाने घासाल तर पांढरी पूड कमानींच्या कोपऱ्यांत बसते आणि दाताच्या ब्रशनेही निघत नाही. शिवाय तशा घासण्याने आधी जातात ती नाकं. तीन पिढ्यांनी दर दिवाळीला चकाचक केलेला वाडगा पाहिलात तर त्यावर सपाट तोंडांची मंडळी दिसतील. मी साबणाच्या पाण्यापलीकडे जात नाही, आणि खळग्यांतला काळेपणा राहू देतो. उठाव त्यानेच खुलतो. आत फुटाणे-शेव ठेवायची सोय नाही, प्रत्येक खळग्यात अडकून बसते. रोज वापरायचा, मोलकरणीच्या हाताखालून जाणारा नग हवा असेल तर कच्छीच घ्या, मनापासून सांगतो.

नवा बर्मी माल हा तिसरा रस्ता. सागाईंगजवळचं यवाटाँग हे गाव याच कामासाठी ओळखलं जातं. तिथले हात अजून तयार आहेत, पण 28 मार्च 2025 च्या भूकंपाने त्याच भागाची दैना केली आणि त्याआधीपासूनची अशांतता आहेच, त्यामुळे इकडे बसून मागवणं मला तरी झेपण्यासारखं वाटत नाही.

परदेशातल्या मुलाला भेट म्हणून देणार असाल तर आणखी एक. शंभर वर्षं जुनी कलावस्तू पुरातन वस्तूंबाबतच्या 1972 च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हे दोन्ही वाडग्यांना सारखंच लागू.

बर्मी ठरलाच, तर दुकानात वाडगा दिव्यासमोर धरून आतून बघा. नाकं, गुडघे, हत्तींची गंडस्थळं, जिथे पत्रा सगळ्यात ताणलेला असतो तिथे टाचणीएवढी भोकं पडलेली असू शकतात. भोक चालेल. पण ते बुजवायला आतून करडा डाख दिलेला दिसला तर भावात घासाघीस करा, आणि ठिपके जास्त असतील तर खाली ठेवून पुढच्या दुकानात जा.