जुन्या रेल्वेमार्गावरचा रुंद ट्रेल की डोंगरातल्या अरुंद वाटा?

लहान गावात ट्रेल, म्हणजे चालायला आणि सायकल चालवायला वेगळा मार्ग, काढायचा विषय निघाला की बहुधा दोन पर्याय पुढे येतात. एक म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून किंवा कालव्याच्या काठाने जाणारा, तीनेक मीटर रुंद, सपाट मार्ग. दुसरा म्हणजे डोंगरउतारावर मातीतून काढलेल्या अरुंद वाटांचं जाळं. दोन्हींना ‘बहुउपयोगी’ म्हणतात, पण त्यांचा उपयोग करणारी माणसं वेगळी आणि गावात पैसा येण्याची रीतही वेगळी.

आधी गावकऱ्यांचं बघू. रेल्वेमार्गाचा चढ सहसा दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही, कारण त्याहून जास्त चढ इंजिनाला झेपायचा नाही. इंजिनाची ती अडचण आज म्हाताऱ्यांच्या, व्हीलचेअरवाल्यांच्या आणि नुकतीच सायकल शिकलेल्या पोरांच्या पथ्यावर पडते. मुलांना शाळेत जायला गाड्यांपासून सुटा रस्ता मिळतो तो वेगळाच. डोंगरातल्या वाटा धडधाकट हौशी मंडळींच्या, शिवाय पावसाने चिखल झाला की त्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. रोजच्या वापराच्या बाबतीत तुलना इथेच संपते.

पर्यटनाचं गणित इतकं सरळ नाही. सपाट मार्ग दहा किलोमीटरचाच असेल, तर पाहुणा गाडीवर सायकल लादून येतो, तासाभरात फेरी मारतो आणि घरी जातो. गावाला खरी कमाई होते ती मुक्कामातून. न्यूझीलंडमधली एक रेल्वे 1990 मध्ये बंद झाली आणि 2000 मध्ये तिच्या जागी ओटागो सेंट्रल रेल ट्रेल पूर्ण खुला झाला. लांबी 152 किलोमीटर. सायकलने तो पुरा करायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात, त्यामुळे वाटेतल्या बारक्या वस्त्यांमध्ये रात्र काढणं ओघानेच आलं. पण एवढी लांबी एकट्या गावाला जमत नाही. शेजारच्या गावांना सोबत घ्यावं लागतं, आणि ते काम खडी पसरण्याहून अवघड असतं.

डोंगरवाटांना एवढ्या लांबीची गरज नाही. फिरून पुन्हा सुरुवातीलाच येणाऱ्या वाटा वेगवेगळ्या क्रमाने जोडत सायकलस्वार दोन-तीन दिवस सहज रमतो. प्रति किलोमीटर खर्चही डांबरी मार्गापेक्षा बराच कमी. अडचण येते ती जमिनीची. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात ईस्ट बर्क या छोट्या गावाभोवती किंगडम ट्रेल्सचं नावाजलेलं जाळं आहे. त्यातल्या बऱ्याच वाटा खासगी जमिनींतून, मालकांच्या परवानगीने जातात. 2019 च्या अखेरीस तीन मालकांनी आपल्या जमिनीवर सायकलींना मनाई केली आणि जाळ्याचा एक लोकप्रिय भाग एकदम तुटला. मालकाची मर्जी हाच पाया असेल, तर गर्दी वाढणं हेही संकटच.

रेल्वेच्या पट्ट्यालाही जमिनीचं दुखणं आहेच. रेल्वे बंद झाली की शेजारचे जमीनमालक त्यावर हक्क सांगू शकतात. अमेरिकेत 1983 मध्ये कायद्यातच वाट काढली: पट्टा भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि तोवर ट्रेल म्हणून वापरायचा. अशी सोय नसेल, तर पट्ट्याचे तुकडे पडण्याआधी हालचाल करायला हवी.

सगळा धंदा एकाच पट्ट्यावर उभा करण्यातही धोका आहे. अमेरिकेतला व्हर्जिनिया क्रीपर ट्रेल हाही जुन्या रेल्वेमार्गावरचा, सुमारे 55 किलोमीटरचा. वाहनाने डोंगरावरच्या व्हाइटटॉपला चढायचं आणि उतारावरून अलगद डमॅस्कस गावात उतरायचं, ही तिथली लोकप्रिय सफर. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाच्या पुराने नेमका तो वरचा भाग उद्ध्वस्त केला, पूल वाहून गेले.

माझा कौल असा: पट्टा बाजारपेठेजवळून जात असेल, तर आधी तोच घ्या, सुरुवातीला पाच किलोमीटर असला तरी चालेल. पाहुणे येवोत न येवोत, गाव तो वापरेल. पट्टाच नसेल, किंवा तो गावापासून लांब असेल आणि डोंगर मात्र सार्वजनिक मालकीचा असेल, तर वाटांचं जाळं करा. पृष्ठभाग, वेगमर्यादा, इ-बाइकचे नियम हे वाद नंतर मिटवता येतात.

पैसे उरले तर कमानी, फलक, उद्घाटन यांत घालू नका. ट्रेलवरून बाजारात यायला सायकलस्वाराला भरधाव वाहतुकीचा हमरस्ता ओलांडावा लागत असेल, तर तो गावात न शिरता तसाच पुढे निघून जातो. पहिला खर्च त्या चौकावर करा.