वेळासला जाणार असाल तर दोन रात्री राहा

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात मी, आई आणि माझी चौथीतली मुलगी खेडहून वेळासच्या कासव महोत्सवाला जाऊन आलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या किनाऱ्यावरच्या गावात समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळतात. मंडणगडच्या पुढे रस्ता वळणावळणाचा. आईला गाडी लागली, तरी पुढच्या वर्षी परत जाऊ म्हणतेय.

राहायची सोय गावातल्या घरांत होते. आमच्या काकूंनी ओल्या काजूगरांची उसळ केली होती, सकाळी घावन आणि गुळाचा नारळरस. तक्रार एकच. दहा माणसांना न्हाणीघर एक, त्यामुळे पहाटे रांग लागली. बुकिंग करतानाच विचारून घ्या.

पहिल्या संध्याकाळी एकही पिल्लू निघालं नाही. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा माणूस, हॅचरीत (कासवांची अंडी वाळूत पुरून राखतात त्या कुंपणात) घरट्यांवरची एकेक टोपली उचलून बघत होता, खाली नुसती वाळू. दोरीमागून कुणीतरी ओरडलं, "आम्ही इतक्या लांबून आलोय!" ऐकून मला फार वाईट वाटलं. अंड्यातून पिल्लू यायला ४५ ते ६० दिवस लागतात, वाळूच्या उबेप्रमाणे दिवस पुढेमागे होतात. त्याला तो माणूस काय करणार? मुलगी पाट्यांवरच्या तारखा वाचून दिवस मोजत बसली होती. तिने एका घरट्याकडे बोट दाखवलं, "याचे त्रेपन्न झाले." कासवमित्र शेजारच्या टोपलीपाशी वाकला आणि म्हणाला, "उद्या ये हो बाय. हितली वाळू बसल्यासारखी दिसते."

सकाळी तीच टोपली उचलली. मधोमध खळगा, त्यात एक काळसर डोकं, मग दुसरं, आणि बघता बघता वाळूच हलायला लागली. एकोणीस निघाली. पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवून त्यांना चालू देतात, उचलून समुद्रात टाकत नाहीत. मोठी झाल्यावर माद्या अंडी घालायला याच भागातल्या किनाऱ्यांवर परततात, म्हणून ही वाट त्यांनी स्वतः चालायची. आमच्या समोरचं पिल्लू जेमतेम पावणेदोन इंच, पाठीवर वाळूचे कण चिकटलेले. पहिल्या लाटेने ते उताणं होऊन मागे आलं. चारी वल्ही हलवत सरळ झालं, परत निघालं. दुसऱ्या लाटेने पुन्हा मागे. तिसरी घेऊन गेली. आई हात जोडून उभी होती.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावाला सोबत घेऊन अंडी राखायचं हे काम २००२ मध्ये सुरू केलं. त्याआधी माणसंच अंडी उकरून न्यायची, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांची. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले जातीच्या कासव मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग (ती कुठे जाते ते उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र) बसवला, तिचं नाव प्रथमा. मुलीने ते नाव वहीत लिहून घेतलंय.

मोबाइलचा फ्लॅश आणि बॅटरी कृपा करून बंद ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात, आणि सांगूनही संध्याकाळी दोघांनी बॅटऱ्या लावल्याच होत्या. निघण्याआधी घरवाल्यांना फोन करून कुठली घरटी पन्नाशीला आलीत ते विचारा. मधल्या दुपारी बाणकोटचा किल्ला होतो.

म्हातारी माणसं सोबत असतील तर काठी घ्या. गावातून किनाऱ्यापर्यंत चालावं लागतं आणि वाळूत पाय रुततो. आईला सत्तराव्या वर्षी दोन्ही वेळा जमलं.