पर्ल ५.३८, परक्या मॉड्यूलची कुरकुर आणि माझे आठ महिने

सर्व्हरवर पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेची ५.३८ आवृत्ती चढवली आणि दुसऱ्या दिवशी मेलबॉक्स उघडवेना. क्रॉनवरची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी चालते, आणि दर वेळी मेलवर तेच रडगाणं: स्मार्टमॅच (दोन गोष्टी जुळतात का ते पाहणारं चिन्ह, ~~) डेप्रिकेटेड आहे, म्हणजे पुढे काढून टाकायचा बेत आहे. माझ्या कोडमध्ये स्मार्टमॅच औषधालाही नाही. ते सीपॅनवरून (इतरांनी लिहिलेल्या पर्ल मॉड्यूल्सच्या भांडारातून) घेतलेल्या एका जुन्या मॉड्यूलमध्ये, तेही अकरा ठिकाणी. मॉड्यूल काम चोख करतं, म्हणून बदलायचा जीव होईना.

आधी माझ्या स्क्रिप्टमध्ये 'नो वॉर्निंग्ज' (इशारे बंद) लिहिलं. ढिम्म फरक नाही; ते आपल्या फाइलीपुरतंच चालतं. मग स्क्रिप्टच्या डोक्यावर सिग-वॉर्नचा हँडलर (प्रत्येक वॉर्निंग आधी ज्याच्या हाती येते तो कोड) बसवला. तरी अकरा ओळी! मॉड्यूल आत घेणारं 'यूज' स्क्रिप्ट कंपाईल होतानाच, म्हणजे चालायच्या आधीच उरकतं, माझा हँडलर जागा होतो त्यानंतर. शेवटी तो 'यूज'च्या आधी, कंपाईल होतानाच चालणाऱ्या बिगिन ब्लॉकात टाकला आणि शांतता. तेव्हा हे लिहायला बसलो असतो तर या युक्तीला पाच तारे दिले असते.

तीन महिन्यांनी रिपोर्टमधला एक रकाना कोरा येतोय असं कळलं. हँडलर सरसकट सगळं गिळत होता, माझं स्वतःचं 'अनइनिशियलाइज्ड' (किंमतच न दिलेलं व्हेरिएबल वापरल्याची वॉर्निंग) सुद्धा. तारे परत.

आता त्याच बिगिन ब्लॉकात हँडलर 'लोकल' (त्या ब्लॉकापुरताच) करतो आणि तिथेच रिक्वायर नि इम्पोर्ट, म्हणजे 'यूज'चंच काम, उरकतो. ब्लॉक संपला की हँडलरही गेला. मेसेजमध्ये 'डेप्रिकेटेड' आणि त्या मॉड्यूलचं फाइलनाव दोन्ही असेल तरच गाळायचं, बाकी वॉर्नने पुढे सोडायचं. पाच महिने तक्रार नाही. (कार्प हे वॉर्निंग द्यायचं साधन वापरणाऱ्या मॉड्यूलला ही युक्ती लागू नाही, तिथे फाइलनाव बोलावणाऱ्याचं येतं.)

खरा राग मात्र शिबँगमधल्या (स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतल्या) 'डॅश डब्ल्यू'वर, म्हणजे सगळीकडच्या वॉर्निंग्ज चालू करणाऱ्या खुणेवर. त्याच्या जागी वापरायचं 'यूज वॉर्निंग्ज' २००० पासून, ५.६ मध्येच आलंय. तरी ते एक अक्षर मी सवयीने ठेवलं होतं. ज्या मॉड्यूलने वॉर्निंग्जबद्दल स्वतः काही ठरवलेलं नाही, अशा प्रत्येकाला ते बोलतं करतं. मध्यंतरी घेतलेल्या दुसऱ्या मॉड्यूलचं 'सबरूटीन रीडिफाइन्ड' (तेच फंक्शन दुसऱ्यांदा लिहिल्याची वॉर्निंग) त्यामुळेच येत होतं, आणि मी येडा त्याच्यासाठी दुसरा हँडलर लिहीत बसलो! अक्षर खोडलं, विषय मिटला. स्मार्टमॅचवर त्याचा परिणाम शून्य. डेप्रिकेशनची वॉर्निंग न मागताच चालू असते.

आणि कहर म्हणजे ५.४२ मध्ये स्मार्टमॅच काढायचा बेत रद्द, ती वॉर्निंगही गायब. आमच्या सर्व्हरवर अजून ५.३८ च आहे, त्यामुळे ब्लॉक तसाच ठेवलाय.