चिनी संस्कृतीवरची सहा व्याख्यानं ऐकली, कुठलं चुकवू नका आणि कुठलं चाललं असतं

सहा शनिवार, सहा व्याख्यानं, विषय चिनी कला, इतिहास आणि संस्कृती. लायब्ररीच्या वरच्या हॉलमधे, नाव नोंदवायचं आणि येऊन बसायचं, एवढंच. मी सहाही ऐकली, त्यातली चार आईबरोबर. आता पुढची मालिका जाहीर झालीये आणि ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं की जाऊ का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

जा. पण सगळी सारखी नसतात हे धरून जा. ज्या वक्त्याने एकच वस्तू समोर ठेवली आणि तिलाच धरून बोलत राहिला त्या दिवशी वेळ कसा गेला कळलं नाही, आणि ज्याने आख्खा चीन सांगायला घेतला त्या दिवशी माझ्या वहीत नुसती राजघराण्यांची यादी उरली.

सगळ्यात भारी झालं ते गुछिनचं. सात तारांचं आडवं वाद्य, पडदे नाहीत, कडेला नुसते १३ ठिपके. वादक बाईंनी आल्या आल्या पंखे आणि एसी बंद करायला सांगितलं आणि माईकही नको म्हणाल्या. मागच्या रांगेतले जरा कुरकुरले, पण पहिला सूर लागला आणि हॉल चिडीचूप. आवाज इतका बारीक की आपोआप पुढे सरकून ऐकतो आपण. त्यांनी तीन प्रकारचे सूर वेगवेगळे वाजवून दाखवले, मोकळ्या तारेचा, दाबलेल्या तारेचा, आणि तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा घंटेसारखा, आणि म्हणाल्या की परंपरेत यांना पृथ्वी, माणूस आणि आकाश म्हणतात. दाबलेल्या तारेवरून त्यांचा डावा अंगठा सरकत गेला तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली "अगं ही तर मींड". आणि गंमत म्हणजे आवाज विरून गेल्यावरही अंगठा सरकतच राहतो, ऐकू काहीच येत नाही, पण वाजवणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने तो सूर मनात पुढे न्यायचा असतो. हे मला आठवडाभर पुरलं.

त्यांचं स्वरलेखन तर मला पूर्ण नवीन होतं. चिनी अक्षरांचे तुकडे जोडून एकेक चिन्ह तयार करतात, त्यात कुठली तार, कुठलं बोट, कुठल्या ठिपक्यापाशी, आत ओढायची की बाहेर ढकलायची हे सगळं असतं, पण सूर किती वेळ धरायचा हे लिहिलेलंच नसतं! त्यामुळे जुनी रचना हातात आली की वादक कित्येक दिवस तिच्याशी झटून लय स्वतः शोधून काढतो, याला दापू म्हणतात, आणि म्हणूनच एकच रचना दोन वादकांकडून बरीच वेगळी ऐकू येते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात गुछिन आहे, ग्वान पिंगहू यांनी वाजवलेलं, सात मिनिटांच्या वर. बाईंनी हे सांगितल्यावर आईने हात वर केला आणि म्हणाली त्याच तबकडीवर आमच्या केसरबाई केरकरांची भैरवी पण आहे. बाईंना ते माहीत होतं, पण नाव नीट म्हणता येत नव्हतं, त्यांनी आईकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि वहीत लिहून घेतलं. असा वक्ता असेल तर अजून काय पाहिजे.

दुसरं आवडलेलं सुलेखनाचं. सरांनी ब्रश, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड या चार वस्तू टेबलावर मांडल्या, अभ्यासिकेची चार रत्नं म्हणतात यांना, आणि पहिली दहा मिनिटं ते फक्त शाई उगाळत होते. काही लोक मोबाईल बघायला लागले. पण ते उगाळता उगाळताच बोलत होते, श्वास कसा लावायचा, ब्रश उभा का धरायचा, आनहुई प्रांतातला 'शुआन' नावाचा कागद शाई पटकन ओढतो त्यामुळे हात जरा अडखळला की तिथे डाग फुटतो आणि तो खोडता येत नाही. मग त्यांनी 'योंग' हे एकच अक्षर लिहिलं, अर्थ कायमचं, चिरंतन, त्यात आठ मूळ फटकारे आहेत म्हणून शिकणाऱ्याला हेच आधी देतात. पाऊण तास त्या एका अक्षरावर! शेवटी वांग शीझी या नावाजलेल्या सुलेखनकाराकडे आले, सन ३५३ मधे त्याचे मित्र ओढ्याकाठी जमले होते, पाण्यावर मद्याचे प्याले सोडायचे आणि कविता करायच्या, आणि त्या कवितांसाठी त्याने जी प्रस्तावना लिहिली तिच्यात 'झी' हे अक्षर वीस वेळा येतं आणि दर वेळी वेगळं लिहिलंय. पडद्यावर ती वीसच्या वीस शेजारी शेजारी लावून दाखवली. आधी मला सगळी सारखीच दिसत होती, सर एकेकावर बोट ठेवत गेले आणि मग दिसायला लागलं. मूळ कागद आज नाहीये, थांग सम्राट ताइझोंगने स्वतःबरोबर पुरायला लावला असं परंपरा सांगते, आपण बघतो त्या सगळ्या नकला.

दुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांचं पण चांगलं होतं, फक्त स्लाइड्स अंधुक होत्या आणि भिंतीवरची चित्रं हाच जिथे विषय आहे तिथे हे फार खटकतं. मला वाटलं होतं अजिंठ्यासारखंच असेल, आणि एका काकांनी तोच प्रश्न विचारला. उत्तर एकदम मुद्द्याचं मिळालं, तिथला खडक म्हणजे वाळू आणि गोट्यांचा ठिसूळ थर, त्यात मूर्ती कोरता येत नाही, म्हणून लाकूड आणि गवताचा सांगाडा करून वर मातीचं लिंपण आणि मग रंग. अजिंठ्याचा काळा पाषाण छिन्नी झेलतो, तो नाही झेलत. १९०० साली तिथल्या एका बंद खोलीत हजारो हस्तलिखितं सापडली, १९०७ मधे ऑरेल स्टाइन या ब्रिटिश पुरातत्त्व संशोधकाने त्यातली भरपूर बाहेर नेली, आणि त्यातच होतं सन ८६८ चं छापील वज्रसूत्र हा बौद्ध ग्रंथ, तारीख छापलेलं सगळ्यात जुनं पूर्ण पुस्तक. ते आज लंडनला आहे. वक्त्या हे सांगताना आवाज न चढवता बोलल्या पण किती लागलंय ते कळत होतं.

पेकिंग ऑपेराचं ठीक. चेहऱ्यावरचे रंग, लाल म्हणजे निष्ठावान, पांढरा म्हणजे कपटी, नुसता चाबूक हातात घेतला की घोडा आला, हे सगळं बघायला मजा आली. मेई लानफांगबद्दल ऐकताना मला सारखे बालगंधर्व आठवत होते, पुरुषाने स्त्री भूमिका करायची आणि बायकांनी त्यावरून नटायला शिकायचं. जपानी कब्जाच्या काळात या माणसाने मिशा वाढवल्या, म्हणजे स्टेजवर उभं राहायची जबरदस्तीच करता येऊ नये. याच्यावर वक्ता दोन वाक्यं बोलून पुढे गेला, मला इथे अर्धा तास चालला असता.

चिनी मातीच्या भांड्यांचं मी अर्धवटच ऐकलं कारण माईक खरखरत होता. जिंगदेझेन या भांड्यांसाठी प्रसिद्ध शहरातल्या निळ्या नक्षीचा कोबाल्ट आधी इराणकडून यायचा हे तेवढं लक्षात राहिलं.

आणि मग ते 'पाच हजार वर्षं एका तासात'. वक्ता विद्वान होता यात शंका नाही, पण हान, थांग, सोंग, युआन, मिंग, छिंग असं सगळं धावतच गेलं. छिन सम्राटाने इ.स.पू. २२१ मधे सगळा देश एक केल्यावर लिपी, वजनमापं आणि गाड्यांच्या आसाची रुंदी पण एकसारखी केली, रस्त्यावर चाकोऱ्या जुळाव्यात म्हणून, हे सांगितलं तेव्हा सगळे सरसावून बसले, आणि पुढच्याच मिनिटाला हान राजघराणं सुरू.

याच दिवशी एक गोष्ट मला अजिबात पटली नाही. एका मुलीने विचारलं की सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे १९६६ ते ७६, या मंदिरांचं, पुस्तकांचं, वाद्यांचं काय झालं. सूत्रसंचालकांनी वेळ नाही म्हणून प्रश्न घेतला नाही, आणि त्यानंतर कुठल्या देशात काय खातात यावर दहा मिनिटं गेली. हाच प्रश्न गुछिनच्या बाईंना विचारला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की वाद्यं जाळली, वह्या जाळल्या, आणि काही लोकांनी जीव मुठीत धरून लपवून ठेवल्या म्हणून आज मी वाजवतेय. इतिहासाची व्याख्यानं ठेवायची तर हे पण ऐकवलं पाहिजे, आयोजकांनी याचा खरंच विचार करावा.

बाकी व्यवस्थेबद्दल. वक्ते नावं बोलून जातात आणि आपल्याला लिहिताच येत नाहीत, मी दुसऱ्या आठवड्यात सांगितल्यावर तिसऱ्यापासून नावांचा कागद द्यायला लागले, त्याबद्दल मनापासून आभार. प्रश्नांना वेळ कमी पडतो, नेहमीच. मागच्या चार रांगांतून टेबलावरचं काही दिसत नाही, सुलेखनाच्या दिवशी तर लोक उभे राहून बघत होते, वरून एक कॅमेरा लावून पडद्यावर दाखवलं तर काम होईल.

पुढच्या मालिकेत कुनछू नाट्यप्रकार आणि सूझौच्या बागा आहेत, आणि गुछिनच्या बाई परत येणार आहेत, या वेळी दोन शनिवार. मी आणि आईने त्या दोन्ही दिवसांची नावं आधीच नोंदवलीत, पहिल्या रांगेसाठी अर्धा तास आधी जाणार आहोत.