मिडल स्कूल मॅग्नेट: एलए, न्यूयॉर्क की आमची मेरीलँड, कुठली लॉटरी बरी?

माझ्या मावसभावाची बदली होतेय आणि ऑफिस निवडायचा चॉइस त्यालाच दिलाय, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क नाहीतर इकडे वॉशिंग्टनजवळ आमच्या मेरीलँडला. पोरगी चौथीत आहे. घरभाडं, थंडी सगळं बाजूला ठेवून पठ्ठ्याने पहिलं काय विचारलं, तर "ताई, मिडल स्कूलच्या मॅग्नेटला कुठे लवकर नंबर लागतो गं?" मी म्हटलं तीन ठिकाणी तीन तऱ्हेची लॉटरी आहे, एकीकडची हुशारी दुसरीकडे अंगाशी येते, थांब लिहूनच पाठवते.

मॅग्नेट म्हणजे सरकारी शाळाच, फी नाही, फक्त सायन्स, कला, भाषा असं काहीतरी खास ठेवलेलं असतं. १९७०च्या दशकात गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा मोडायच्या होत्या, तेव्हा मुलांना सक्तीने बसमध्ये घालून लांब पाठवण्यापेक्षा पालक आपणहून येतील असं काहीतरी द्या, म्हणून लोहचुंबक. ज्यांनी गावाकडे आरटीईच्या २५ टक्क्यांचा फॉर्म भरलाय त्यांना सोडत काही नवीन नाही, पण ती खाजगी शाळेतल्या जागांसाठी आणि अगदी सुरुवातीच्या वर्गाला असते, इथे सरकारी शाळांमध्येच आणि मिडल स्कूलची म्हणजे सहावीला. आपल्या नवोदयचाही सहावीचाच मुहूर्त, पण तिथे परीक्षा.

आधी एलए, कारण तिकडचं प्रकरण सगळ्यात किचकट आहे. तिथे लॉटरी म्हणतात पण खरं तर पॉइंटांचा खेळ आहे. शाळांची नावं पसंतीक्रमाने द्यायची, आणि ज्याचे पॉइंट जास्त तो आधी, सारखे असतील तर मग नशीब. घराजवळची शाळा मुख्यतः लॅटिनो, काळ्या, एशियन मुलांची असेल तर ४, ती गर्दीची असेल तर आणखी ४, भावंड त्याच मॅग्नेटमध्ये असेल तर ३. आणि खरा मसाला पुढे आहे, अर्ज करून नंबर लागला नाही तर वर्षाला ४ वेटलिस्ट पॉइंट, जास्तीत जास्त १२. एखाद्या मॅग्नेटची शेवटची इयत्ता पूर्ण करून बाहेर पडलेल्या पोराला एकदम १२, पण मग वेटलिस्टचे मिळत नाहीत, दोन्हीतलं एकच. सगळं धरून कमाल २३. म्हणून तिकडचे पालक पोरगं लहान असल्यापासून मुद्दाम अशा शाळेला अर्ज टाकतात की जिथे लागणारच नाही, का तर पॉइंट साठवायला, एफडीच म्हणा ना! आणि चुकून लागलाच नंबर आणि नको म्हटलं तर साठवलेलं सगळं पाण्यात. माझी नणंद सॅन फर्नांडो व्हॅलीत राहते, तिने फ्रिजवर कागद लावलाय, कुठल्या वर्षी कुठे अर्ज आणि पॉइंट किती, आमच्या सासूबाईंना वाटलं बीशीचा हिशोब आहे.

आता भावाचं गणित. तो नवीन, म्हणजे वेटलिस्टचे शून्य. या हिवाळ्याच्या आत अर्ज टाकून पाचवीसाठी नाकारला गेला तर ४ मिळतील, बस, आणि समोर १२ वाली पोरं उभी. शिवाय घर एलए युनिफाइडच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या, हद्दीत पाहिजे, बरबँक, ग्लेनडेल, टॉरेन्स, सँटा मोनिका यांची डिस्ट्रिक्ट वेगळी आहेत, भाड्याचं घर बघताना लोक इथेच फसतात.

न्यूयॉर्कमध्ये मॅग्नेट हा शब्द कमीच ऐकू येतो पण लॉटरी सगळ्यात उघड तिथेच आहे. मायस्कूल्स या तिथल्या प्रवेशाच्या वेबसाइटवर शाळा क्रमाने लावायच्या आणि प्रत्येक मुलाला कॉम्प्युटर एक नंबर देतो, ३२ अक्षरांचा, आकडे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. लहान नंबर चांगला. अख्खा वाचत बसायची गरज नाही, पहिलं अक्षर बघा. ३ ने सुरू झाला तर साधारण वरच्या १९ ते २५ टक्क्यांत, ८ म्हणजे मधोमध, एफ निघाला तर देवाचं नाव घ्या. एकच नंबर सगळ्या शाळांना चालतो. आणि यादी बिनधास्त खऱ्या पसंतीने लावायची, कारण वाटप गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांच्या १९६२च्या पद्धतीवर चालतं, पहिल्या शाळेत नाही लागला म्हणून दुसऱ्या शाळेत तुम्ही मागे जात नाही. हीच पद्धत तिथल्या हायस्कूलसाठी बसवणाऱ्यांत एक ॲल्विन रॉथ, त्याला आणि शॅप्लीला २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॉस्टनमध्ये पूर्वी उलटं होतं, पहिला नंबर नामांकित शाळेला दिला आणि हुकला की दुसऱ्या पसंतीची शाळाही तोवर भरलेली, ते त्यांनी २००५ मध्ये बंद केलं. म्हणजे "पहिली सेफ शाळा टाक" हा सल्ला जो अजून प्रत्येक गणपतीच्या जेवणावळीत ऐकू येतो तो न्यूयॉर्कला फुकटचं नुकसान आहे.

अट एकच, कुठल्या शाळांना अर्ज करता येईल ते बहुतेक तुमच्या डिस्ट्रिक्टवर, म्हणजे घर शहरातल्या कुठल्या शाळा-विभागात आहे त्यावर ठरतं. ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट १५ ने २०१९च्या प्रवेशांपासून मार्क-मुलाखती सगळं काढून टाकलं आणि ५२ टक्के जागांसाठी कमी उत्पन्नाच्या, बेघर किंवा इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना प्राधान्य दिलं. बाकी काही डिस्ट्रिक्टांत मार्क बघणाऱ्या शाळा अजून आहेत.

आणि मेरीलँडमधली आमची माँटगोमेरी काउंटी. इथे गणित-सायन्सवाल्या आणि ह्युमॅनिटीजवाल्या मॅग्नेटना, टाकोमा पार्क, ईस्टर्न वगैरे, अर्जच करायचा नसतो. पाचवीतल्या सगळ्या मुलांचे ग्रेड आणि मॅप या वाचन-गणिताच्या परीक्षेचे मार्क काउंटी स्वतः तपासते, कटऑफ मुलाच्या शाळेतल्या गरिबीच्या प्रमाणानुसार वेगळा, तो पार केला की पूलमध्ये, म्हणजे पात्र मुलांच्या यादीत, आणि मग लॉटरी. पूलमध्ये शिरल्यावर काठावरचा आणि ९९ पर्सेंटाइलवाला सारखेच. कोविडमध्ये प्रवेशाची वेगळी परीक्षा घेता येईना म्हणून ही लॉटरी सुरू झाली. याशिवाय आर्गाइल, लॉयडरमन, पार्कलँड या तीन शाळांचं वेगळं कन्सॉर्शियम, म्हणजे गट आहे, तिथे मार्कांची अटच नाही, चॉइस भरायचा आणि लॉटरी.

आमच्या लेकीला पत्र आलं तेव्हा ती दोन्ही पूलमध्ये होती आणि दोन्हीकडे नाही लागलं. दोन दिवस रुसून बसली. पण न लागलेल्यांना जवळच्या शाळेत वरच्या पातळीचे गणिताचे आणि इतिहासाचे वर्ग मिळतात, तिने ते घेतले, आणि तिच्या मैत्रिणीला लागलं होतं ती डिसेंबरमध्ये अंधारात सेंट्रल स्टॉपवर, म्हणजे मॅग्नेटच्या मुलांच्या सामाईक थांब्यावर, बसची वाट बघत उभी असायची, आई गाडीत हीटर लावून मागे. कुणाचं बरं झालं मी सांगू शकत नाही, मला मात्र सकाळी अर्धा तास जास्त झोप मिळाली.

तर माझं मत, नवीन माणसाला एलए सगळ्यात महागात पडतं कारण तिथे आधीची वर्षं मोजतात. आमच्याकडे यायचं तर पाचवी सुरू व्हायच्या आत ये, आणि मॅग्नेट नाही लागलं तरी चालेल अशा शाळेच्या हद्दीतच घर घे. लॉटरीपुरतं बोलायचं तर न्यूयॉर्क बरं, तिथे कुणी किती वर्षं रांगेत आहे हे बघत नाहीत, फक्त डिस्ट्रिक्ट बघून घर घ्यायचं. हे सगळं पाठवल्यावर तो खूश झाला, ब्रुकलिनच जमवतो म्हणाला. मग संध्याकाळी त्याने डिस्ट्रिक्ट १५ मधली दोन बेडरूमची भाडी बघितली, त्यानंतर चार दिवस फोन नाही.