गर्भाशयमुखाची तपासणी: एचपीव्ही की टेलोमरेज?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाहूल वेळेत लागावी म्हणून शोधता येणाऱ्या या दोन खुणा: एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचा डीएनए आणि टेलोमरेज या एन्झाइमची सक्रियता.

एचपीव्ही चाचणी कारणाचा माग काढते. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये विषाणूचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार कारणीभूत असतात. मात्र बहुतेक संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. विषाणू सापडला म्हणजे पेशी बिघडलीच, असं नाही.

टेलोमरेजचं महत्त्व इथेच कळतं. एरवी दर विभाजनाला गुणसूत्रांची टोकं झिजतात आणि शेवटी पेशी वाढायची थांबते. विषाणूचं ई६ प्रथिन टेलोमरेज घडवणाऱ्या टीईआरटी जनुकाला चालना देतं, या एन्झाइममुळे टोकं पुन्हा बांधली जातात आणि पेशीला थांबा उरत नाही. त्यामुळे ही सक्रियता सौम्य बदलांत कमी वेळा, तीव्र पूर्वकर्करोगात अधिक वेळा आणि खोलवर शिरलेल्या कर्करोगात बहुतेकदा दिसते. जीवशास्त्र म्हणून मला हीच खूण जास्त बोलकी वाटते.

घोडं अडतं ते प्रयोगशाळेत. टेलोमरेजची सक्रियता मोजणाऱ्या, १९९४ साली आलेल्या ट्रॅप पद्धतीला एन्झाइम शाबूत लागतं. नमुन्यात रक्त मिसळलं तर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची यातली पायरी) बिघडून निष्कर्ष खोटा नकारात्मक येऊ शकतो. सूज असेल तर लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींमधल्या टेलोमरेजमुळे खोटा सकारात्मक. डीएनए मात्र टिकाऊ, शिवाय नमुना स्त्रीला स्वतः घेता येतो. म्हणून सरसकट तपासणीसाठी मी निःशंकपणे एचपीव्ही चाचणीच निवडेन. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये तिलाच पसंती दिली.