शाळेचा टीव्ही, आठ महिन्यांनंतर: वॉरंटी कार्डाची मागची बाजू आधी वाचा

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पट ३१. जूनमध्ये लोकवर्गणीतून ५५ इंची अँड्रॉइड टीव्ही घेतला. रॅम, पॅनल वगैरे नेटवर सगळं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. फेब्रुवारीत टीव्ही बंद पडला. कंपनीचा माणूस आला, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, शाळेत लावलाय, वॉरंटी बसत नाही." कार्डामागे बारीक अक्षरांत खरंच छापलंय: फक्त घरगुती वापरासाठी. पण पावती शाळेच्या नावाने फाडताना दुकानदाराने चकार शब्द काढला नव्हता! त्या वर्गणीत ऊसतोडीला जाणाऱ्या मावशींचे शंभर रुपये आहेत. मला याचा अजून राग आहे.

शेवटी तालुक्याच्या मेकॅनिकने उघडला. पॉवर सप्लाय बोर्ड जळालेला. आमच्याकडे शेतीपंप सुरू झाले की पंखेसुद्धा मंदावतात, मग टीव्ही कसा टिकणार? १८०० रुपये आम्ही दोघा शिक्षकांनी भरले. स्टॅबिलायझर पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता, ती चूक माझी.

जुलैमध्ये लिहिलं असतं तर दोनच स्टार दिले असते. शाळेत रेंज नाही, दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरायचं. मग घरी पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून धडा डाउनलोड करायला लागलो आणि वर्गात फोनची स्क्रीन टीव्हीवर टाकली. नेट लागतच नाही! ते मत तेव्हाच बदललं.

मात्र टीव्ही लावून आपण वह्या तपासत बसलो, की दहा मिनिटांत वर्ग पांगतो. थांबवत थांबवत दाखवावं लागतं. बी रुजतानाचा व्हिडिओ मध्येच थांबवून विचारलं, "आता आधी काय बाहेर येईल?" सगळे ओरडले, "पान!" आलं मूळ. तिसरीतल्या एकाला ते पटेना. दुसऱ्या दिवशी तो ओल्या फडक्यात मटकी बांधून घेऊन आला, आणि दोन दिवस सगळा वर्ग त्या पुरचुंडीभोवती.

त्यासाठी टीव्ही घ्याच. फक्त पैसे देण्याआधी 'शाळेतील वापरास वॉरंटी लागू' असं पावतीवर शिक्क्यानिशी लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.